दार आतून गंजलं, आणि म्हणे वातावरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्यायची यावर जो लेख आलाय तो वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज सकाळी सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. वायपर, टायर, ब्रेक हे सगळं त्यात नीट सांगितलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी लिहिलंय की हल्लीच्या गाड्यांचा पत्रा झिंकचा थर दिलेला असतो, वर कंपनीची पेंट वॉरंटी असते, त्यामुळे गंजाची चिंता आता उरलेली नाही. असं वाक्य रत्नागिरीत वाटल्या जाणाऱ्या अंकात छापताना कुणालाच काही वाटलं नाही का? मी मांडवीला राहते, समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, आणि माझ्या गाडीचं मागचं डावं दार अडीच वर्षंसुद्धा टिकलं नाही.

२०२१ च्या दसऱ्याला गाडी घेतली, साडेसात लाखांची. पेंट वॉरंटी तीन वर्षं. डिलिव्हरीच्या दिवशीच शोरूमवाल्यांनी सांगितलं की मॅडम इकडची हवा खारी, अँटी-रस्ट कोटिंग करून घ्याच, आणि मी निमूटपणे साडेपाच हजार भरले, कारण ते म्हणत होते ते खरंच होतं. माझं माहेर गुहागरकडे, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी जयगड-तवसाळ फेरीबोटीतून गाडी जाते, आणि बोटीवर चढता-उतरताना ओल्या रॅम्पवरचं खारं पाणी चाकांनी थेट दाराच्या खालच्या कडेपर्यंत उडतं. घरी आल्यावर पाइप लावून गाडी खालून धुवायची हा माझा नेम आहे, एकदाही चुकवलेला नाही.

तरीही २०२४ च्या शिमग्याला गाडी पुसताना हाताला काहीतरी खरखरीत लागलं. वाकून बघितलं तर दाराच्या खालच्या कडेला पापडाला येतात तसे बारीक फोड, आठ-दहा, ओळीने. नखाने एक फोडला तर आत तांबडं पाणी. त्याच आठवड्यात शोरूमला गेले. तिथल्या मुलाने फोटो काढले, कंपनीला मेल गेला, आणि मग चौकशी सुरू झाली ती माझीच. गाडी उघड्यावर लावता का, झाडाखाली लावता का, डिकीतून मासळी नेता का! अहो रत्नागिरीत राहून मासळी नेणार नाही तर काय नेणार, आणि डिकीचा आणि दाराचा संबंध काय? शेवटी जूनमध्ये उत्तर आलं की हा वातावरणाचा परिणाम आहे, वॉरंटीत बसत नाही. मग ती पुस्तिका काढून वाचली. सगळी इंग्रजीत, बारीक टाइपात. खार, आम्लवर्षा, झाडाचा चीक, पक्ष्यांची घाण, उडालेले खडे, पूर, वारा, वीज, यातल्या कशानेही रंग गेला तर कंपनी जबाबदार नाही. मग उरलं काय? ज्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाराही महिने खारा वारा वाहतो तिथे गाडी विकायची आणि वॉरंटीतून नेमका खार वगळायचा, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

पण माझा खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. जुलैत आमच्या नेहमीच्या डेंटिंगवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दार वरून खाली ठोकत आणलं. वर टणटण, खाली आल्यावर बद्द. टोक जरा दाबलं तर ते आरपार गेलं. मग आतलं प्लास्टिकचं आवरण काढून त्यांनी मला हाताला धरून दाखवलं की दार म्हणजे दोन पत्रे, बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेच्या फटीतून पाणी आत जातंच, ते कुठल्याच गाडीत थांबत नाही, म्हणून दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. माझ्या दाराची ती भोकं बाहेरून काळ्या रबरासारख्या थराने बुजलेली होती. तो काळा थर म्हणजे मी साडेपाच हजार मोजून मारून घेतलेलं अँटी-रस्ट कोटिंग! चाचांनी पातीने एक भोक मोकळं केलं तर आतून भळाभळा पाणी आलं, गढूळ, त्यात आंब्याच्या मोहराचा कुजका चोथा. म्हणजे किती दिवस ते पाणी त्या दुमडीत मुरत होतं देव जाणे. झिंक असलं तरी ते स्वतः झिजून पत्र्याला वाचवतं, असं कायम खाऱ्या पाण्यात उभं ठेवलं तर झिंक संपतं आणि मग लोखंडाची पाळी. रंगाचे सगळे थर मिळून कसेबसे एक दशांश मिलिमीटर, आणि तेही आतून वर आलेल्या गंजापुढे काय करणार?

हे सगळं घेऊन परत शोरूमला. तर कोटिंग आमचं पण त्याची वॉरंटी फक्त खालच्या बाजूची, दाराची नाही, शिवाय दरवर्षी तपासणीचा शिक्का नाही. कंपनी म्हणते कोटिंग डीलरने केलं, आमचा संबंध नाही. चाचांनी कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून, प्रायमर मारून, रंग देऊन नऊ हजार घेतले, शोरूमचं नव्या दाराचं एस्टिमेट अठ्ठावीस हजारांचं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलेय आणि प्रकरण चालू आहे. इतरांना उपयोग व्हावा म्हणून एवढं सांगते की गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर तक्रारीची फी फक्त २०० रुपये आहे, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे शोरूमच्या 'बघतो, कळवतो'वर थांबू नका. आणि पहिला फोड दिसेल त्या दिवशीच जॉब कार्ड, म्हणजे शोरूमकडचा तक्रारीच्या लेखी नोंदीचा कागद, करून घ्या.

माझा भाचा जर्मनीत असतो. तिकडे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तरी पत्रा आतून आरपार गंजला तर बऱ्याच कंपन्या बारा वर्षं वॉरंटी देतात. अटी तिथेही आहेत, वरवरचे फोड धरत नाहीत, आरपार भोक पडलं पाहिजे. पण निदान पत्र्याची जबाबदारी घेतात ना? आपल्याकडे सरकार रोड टॅक्स पंधरा वर्षांचा एकदम घेतं, रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, आणि पत्रा तीन वर्षांच्या आत गेला तर गाडीवाल्याचं नशीब?

उडालेल्या खड्यांचंही लिहूनच टाकते. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, सुटी खडी चाकाखाली येऊन दारांच्या खालच्या भागावर बसते, रंगाचा टवका उडाला की गंज तिथूनच धरतो. तेही वॉरंटीत नाही. रस्ता कुणी करायचा आणि भुर्दंड कुणी भरायचा!

तुम्हाला विनंती एवढीच, येत्या पुरवणीत त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि दाराच्या खाली पाण्याची भोकं कुठे असतात, काडीने ती कशी मोकळी करायची याचा एक फोटो द्या. पावसाला पंधरा दिवस उरलेत, लोक आजच बघतील. कापलेला पत्रा मी आयोगासाठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय, दुमडीसकट, काळ्या कोटिंगसकट. तुमच्या वार्ताहराला बघायचा असेल तर पाठवा, संध्याकाळी मी घरीच असते.

आपली,
एक वाचक, मांडवी, रत्नागिरी