.२२ रायफलचे मॅगझिन निवडताना आधी खात्री, मग क्षमता

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्येही .२२ रायफलविषयीची (सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी झाडणारी छोटी रायफल) उत्सुकता वाढलेली मला दिसते. पेनसिल्व्हेनियातील ज्या नेमबाजी क्लबमध्ये मी नव्या सभासदांना सुरुवातीचे धडे देतो, तेथे येणारे बहुतेक जण पहिली रायफल म्हणून रुगर कंपनीची १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल घेतात, आणि त्यानंतरचा त्यांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: पंचवीस काडतुसांचे मॅगझिन, म्हणजे रायफलला काडतुसे पुरवणारी पेटी, कोणते घ्यावे? आपले वृत्तपत्र इकडेही आवर्जून वाचले जाते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोड्या विस्ताराने देण्याची परवानगी घेतो. कुसाळे यांच्या प्रकारात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे नियमानेच प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते. अमेरिकेतील हौशी नेमबाजी मात्र मोठ्या प्रमाणावर अर्धस्वयंचलित (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलवर चालते आणि तिथे मॅगझिन चांगले नसेल तर सरावाचा सगळा दिवस अडकलेली काडतुसे काढण्यात जातो.

खरेदीचा विचार करण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे आहे. एच-वन-बी (नोकरी), एफ-वन (शिक्षण) यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर येथे राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. ग्रीन कार्डधारकांची गोष्ट वेगळी आहे. दुसरे म्हणजे, मराठी वस्ती जिथे दाट आहे त्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत मॅगझिनची मर्यादा दहा काडतुसांची आहे, कोलोरॅडोत ती पंधरा आहे, तर पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासमध्ये राज्याची अशी मर्यादा नाही. एका राज्यात रीतसर घेतलेले मॅगझिन गाडीच्या डिकीत टाकून दुसऱ्या राज्यात नेणे हा गुन्हा ठरू शकतो, हे न्यू जर्सीतील एडिसनहून आमच्याकडे सरावाला येणाऱ्या मंडळींना मी प्रत्येक वेळी सांगतो.

आता मूळ मुद्दा. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून जवळजवळ त्याच रूपात चालत आले आहे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, स्फोटक मिश्रण त्या कडेच्या आत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आघात करते. काडतुसाचे अंग सुमारे ५.७ मिलिमीटर आणि कड सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची, असा हा फरक आहे. एकावर एक रचलेल्या काडतुसांत वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा रायफलचा सरकता भाग) पुढे येताना वरचे काडतूस खालच्याला ओढू लागते आणि दोन्ही जागच्या जागी रुतून बसतात. याच कडांमुळे काडतुसांची चळत मागच्या बाजूला जाड होते, आणि म्हणून पंचवीस काडतुसांचे मॅगझिन सरळ न राहता वाकडे करावे लागते. त्या वळणातून काडतुसे सरकत असताना त्यांना वर रेटणारा फॉलोअर जरासा जरी कलला, तरी सर्वांत वरच्या काडतुसाचे नाक खाली जाते आणि मऊ शिशाची उघडी गोळी चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) कडेवर आदळते. त्यात गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते बारुदाच्या काजळीत मिसळून मॅगझिनच्या आतल्या भिंतींवर बसते. सेंटरफायर रायफलमध्ये, म्हणजे जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात होतो अशा रायफलमध्ये, यातील बऱ्याच अडचणी येत नाहीत, त्यामुळे तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

१९६४ मध्ये आलेल्या रुगर १०/२२ चे दहा काडतुसांचे फिरते मॅगझिन इतकी वर्षे टिकून आहे, त्याचे कारण मला या कडांच्या प्रश्नात दिसते. त्यात चळत नसतेच; प्रत्येक काडतूस फिरत्या चक्राच्या स्वतंत्र खोबणीत बसते, म्हणून एकाची कड दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. काडतूस ज्यातून बाहेर पडते ते मॅगझिनच्या तोंडाचे ओठ, म्हणजे लिप्स, पोलादाचे असतात आणि पूर्ण मॅगझिन रायफलच्या लाकडाशी सपाट बसते, त्यामुळे ते कशाला धडकत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, नवशिक्याने पंचवीसचे एक घेण्याऐवजी ही दहाची चार किंवा पाच मॅगझिन घ्यावीत. पोलादी लक्ष्यांवर वेगाने नेम साधण्याच्या स्टील चॅलेंजसारख्या स्पर्धेत एका फेरीत पाचच लक्ष्ये असतात. एखाददुसरी चूक दुरुस्त करूनही दहा काडतुसे पुरतात आणि पुढच्या फेरीसाठी नवे मॅगझिन लावण्यास वेळ मिळतो.

तरीही ज्यांच्या राज्यात परवानगी आहे आणि ज्यांना मोठे मॅगझिन हवेच आहे, त्यांनी रायफल बनवणाऱ्या कंपनीचेच घ्यावे. रुगरचे बीएक्स-२५ हे २०११ मध्ये आलेले मॅगझिन पोलादी लिप्सचे आहे, आणि काडतुसे कमी होत गेली तरी जोर सारखा राहावा अशी त्याची स्प्रिंग असते. अन्य उत्पादकांची स्वस्त मॅगझिन हातात घेतली तर पहिल्यांदा लिप्स पाहावेत. ते केवळ प्लास्टिकचे असतील, तर झिजल्यावर काडतूस सुटण्याची वेळ आणि कोन दोन्ही बदलतात, आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही. नंतर मॅगझिन रिकाम्या रायफलमध्ये लावून खालून हलवून पाहावे. लांब मॅगझिन ढिले बसत असेल तर दोष कधी येईल आणि कधी येणार नाही याचा भरवसा राहत नाही. अशाच कारणाने लांब मॅगझिन टेबलावर टेकवून नेम धरण्याची सवय लावू नये, कारण त्या दाबाने त्याचा कोन बदलतो.

भरण्याची पद्धतही निवडीइतकीच महत्त्वाची आहे. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी १५-२२ सारख्या काही रायफलींच्या मॅगझिनला फॉलोअर खाली ओढण्याची बाजूची कळ असते. ती तळापर्यंत ओढून काडतुसे भराभर आत सोडली की आत तिरकी पडतात आणि कडा नको तशा गुंततात. काडतूस जेवढे बसेल तेवढीच कळ खाली सरकवावी, एकेक काडतूस नीट मागे टेकवत भरावे, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटून चळत जुळवून घ्यावी.

विश्वासार्हता ठरवण्यासाठी मला एकच पद्धत भरवशाची वाटते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घालावा आणि अडथळा आला की वहीत मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा प्रकार आणि कितवे काडतूस अडकले हे लिहावे. एकाच क्रमांकाच्या नावावर नोंदी जमत गेल्या तर दोष मॅगझिनचा; सगळ्यांतच एका विशिष्ट काडतुसाने त्रास दिला तर दोष काडतुसाचा, आणि कमी वेगाच्या काडतुसांनी अर्धस्वयंचलित बोल्ट पुरेसा मागे न जाणे हे अगदी नेहमीचे आहे. शेवटची दोन-तीन काडतुसे वारंवार अडत असतील तर स्प्रिंग कमजोर झाली असे समजावे. काडतूस चेंबरमध्ये नीट बसले, पिनचा ठसा कडेवर उमटला, तरी बार उडाला नाही, तर ते कडेतील मिश्रण असमान असल्याचे लक्षण असते. त्यासाठी मॅगझिनला बोल लावू नये. अशा वेळी नळी लक्ष्याच्या दिशेलाच धरून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, ही सूचना मी कोणालाही वगळू देत नाही.

साफसफाईत अनेक जण मॅगझिनमध्ये तेल ओततात. ते तेल काजळी धरून ठेवते, चक्र आणि फॉलोअर जड करते आणि काडतुसात शिरले तर मिश्रणही निकामी करू शकते. आतला भाग कापडाने आणि ब्रशने पुसून पूर्ण कोरडा ठेवला की पुरते. रुगरचे फिरते मॅगझिन उघडायचे असेल तर चक्राच्या स्प्रिंगचा ताण कसा परत द्यायचा हे आधी शिकून घ्यावे, कारण ताण कमी राहिला तर शेवटची काडतुसे वर येत नाहीत आणि निर्दोष मॅगझिन सदोष ठरवले जाते. नीट साफ करून, तीन वेगवेगळ्या काडतुसांनी तपासूनही ज्या क्रमांकाच्या नोंदी थांबत नाहीत, ते मॅगझिन सरावासाठी म्हणूनही पिशवीत ठेवू नये आणि क्लबमधील नव्या सभासदाला तर मुळीच देऊ नये.

आपला नम्र,
एक वाचक,
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका