चासीवर बॉडी बांधणाऱ्यांबद्दलही लिहा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात किट कारबद्दल, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्यांबद्दल वाचलं, मस्त वाटलं. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सने १९६४ मध्ये फायबरग्लासची बॉडी बनवली, पुढे तीच फोक्सवॅगन बीटल गाडीच्या कापून आखूड केलेल्या चासीवर (चाकं-इंजिन असलेल्या खालच्या भागावर) बसवायला लागले आणि लोक मेयर्स मँक्स नावाच्या या गाडीचं किट आणून घरीच गाडी जोडायला लागले. पण कॉपी करणारे एवढे झाले की कोर्टात पेटंटही टिकलं नाही आणि १९७१ ला कंपनी बंद, फार वाईट वाटलं.

पण साहेब, चासी एकाची नि बॉडी दुसऱ्याची हे काम आपल्याकडेही पिढ्यानपिढ्या झालंय, त्यावर कुणी लिहीतच नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी धावली तिची बॉडी लाकडी, सीट काथ्याच्या. नंतर अ‍ॅल्युमिनियम आलं. माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपला होते. चासी उघडीच यायची, ना टप ना दरवाजा, ड्रायव्हर तोंडाला फडकं गुंडाळून गॉगल लावून बसलेला. आधी सांगाडा मग पत्रा, एक जण बाहेरून रिबिट (पत्रा जोडायचा खिळा) मारायचा आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. वडील नुसतं बोटाने पत्रा वाजवून सांगायचे की इथली रिबिट ढिली आहे.

ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्याशी बोलून एक लेखमाला कराच. वडिलांचा ठोकळा मी जपून ठेवलाय, फोटो पाहिजे असेल तर लगेच पाठवतो.

— एक वाचक, पिंपरी