खुनी कोण, हे परीक्षणात छापू नका

संपादक महोदय,
रहस्यकादंबरीवर बेतलेल्या नाटकाचा प्रयोग नुकताच सांगलीत पाहिला. दुसऱ्या अंकात दिवे गेले, आतून कडी हलली आणि भरलेलं नाट्यगृह चिडीचूप झालं. पहिला अंक रेंगाळतो, ही समीक्षकांची तक्रार रास्तच. कादंबरीतली मनोगतं निवेदनात कोंबली की ताण सैलावतो. पण एका परीक्षणात खुन्याचं नावच छापलं होतं! लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या 'द माउसट्रॅप' या रहस्यनाटकाच्या प्रेक्षकांना शेवट गुपित ठेवण्याची विनंती केली जाते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं त्या सांगलीसारख्या नाट्यपंढरीत एवढं पथ्य पाळायलाच हवं. पुढचा प्रयोग मिरजेत आहे. तिथल्या प्रेक्षकांना तरी शेवट रंगमंचावरच कळू द्या.

– एक नाट्यरसिक, विश्रामबाग, सांगली