चौकटीबाहेर राहिलेले वाक्य

अहिल्यानगर (हात अजून अहमदनगरच लिहू पाहतो),
रविवार, रात्र

प्रिय वसंता,

सप्रेम सलाम.

सहा महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. साखर जिथे होती तिथेच आहे. आज लिहायला बसलो, कारण जे घडले ते इथे कोणाला सांगितले तर मंडळीत माझ्यासाठीच प्रार्थना सुरू होईल.

आमच्या बैठकीच्या खोलीतली आईची चौकट तुला आठवतच असेल. मॅटीच्या कापडावर निळ्या रेशमाने भरलेले ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे’. ‘जग जिंकले आहे तर तुमच्या नळाला पाणी का नाही?’ असे तू विचारले होतेस आणि आईने तुझ्या पाठीत धपाटा घालून तुलाच हंडा घेऊन पाठवले होते.

नाताळात ड्यूटी होती, म्हणून रूथ जानेवारीत चार दिवस घरी आली. पहिल्याच संध्याकाळी त्या चौकटीसमोर उभी राहून तिने विचारले, ‘बाबा, या वचनाचा पहिला अर्धा भाग कुठे गेला?’ योहानाच्या 16व्या अध्यायातले 33वे वचन मला तोंडपाठ आहे: ‘जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा; मी जगाला जिंकले आहे.’ चाळीस वर्षे मी त्या भिंतीखाली बसून कौटुंबिक प्रार्थना चालवली आणि क्लेशांचे वाक्य तिथे नाही हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मग तिने सांगितले. रात्रपाळीला कीटकनाशक प्यालेला एक शेतकरी आणला होता. त्याची बायको वॉर्डबाहेर जमिनीवर गुडघे टेकून पहाटेपर्यंत प्रार्थना करत होती. पहाटे तो गेला. हातातला पेला तिथेच ठेवून कोणी तरी तिला म्हणाले, ‘देवाची इच्छा.’ त्या दिवसापासून रूथने प्रार्थना सोडली आहे. माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रार्थना हे भित्र्याचे औषध आहे, असे तू कॉलेजात म्हणालास तेव्हा मी चार महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. इतका राग आला, कारण त्यात थोडे खरे होते, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तिला केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये घेऊन गेलो. (दौंडच्या केडगावला, आपण सायकली मारत नगरजवळच्या केडगावात पोहोचून पंडिता रमाबाईंचा पत्ता विचारला होता, ते गुपित मी अजून फोडलेले नाही.) रमाबाईंच्या वाट्याला काय आले नव्हते? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पुढे 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी. तरीही हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून साध्यासुध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते संपवून 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. तो मजकूर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून जुळत होता. श्रद्धेने त्यांचा एकही घाव चुकवला नाही. घावानंतर पुन्हा कामाला बसण्याचे बळ मात्र दिले. हे सगळे मी रूथला मोठ्या तळमळीने सांगितले. ती एवढेच म्हणाली, ‘बाबा, त्यांना रडायला तरी वेळ मिळाला होता का?’

आज पाळकसाहेब परगावी होते, म्हणून उपदेश माझ्याकडे आला. मी तेच वचन पूर्ण वाचले आणि ‘क्लेश होतील’ इथे थांबलो. पुढचे अर्धे वाक्य उच्चारायला मला बराच वेळ लागला. मागच्या बाकांवर खोकला सुरू झाला. जे उच्चारले ते मात्र खोटे वाटले नाही. एकूण उपदेश सात मिनिटांचा झाला. मंडळी इतकी प्रसन्न मी कधी पाहिली नव्हती.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी आहे? नातवाचे बारसे चुकले, त्याबद्दल वहिनींचे बोलणे समक्ष येऊन खाईन.

आता ज्यासाठी लिहिले ते. आई ती चौकट भरत होती तेव्हा मी मैदानावर असायचो आणि तू तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देत असायचास. कापड अपुरे पडले की ते वाक्य तिने मुद्दाम सोडले? बाबा त्याच वर्षी गेले होते. ती तुझ्याशी काही बोलली असेल, तर मला कळव. रूथ रविवारी फोन करते, त्याआधी कळव.

तुझा,
सॅम्युएल