कंपवाताच्या रुग्णाला ‘मन कसं आहे’ हे कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त यंदाही ताणतणाव, मोबाईल, परीक्षा यांवर भरपूर छापून आलं. कंपवात (पार्किन्सन), फिट्स, पक्षाघात अशी वर्षानुवर्षांची दुखणी काढणाऱ्यांचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात कुठं आला नाही. कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या निपाणीत माझं मेडिकल आहे. कोरोनाच्या काळात या रुग्णांचे जे हाल बघितले, त्यातले निम्मे अजून तसेच आहेत, म्हणून लिहितोय.

आमच्याकडच्या बहुतेकांचे मेंदूचे डॉक्टर कोल्हापूरला नाहीतर मिरजेला. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. माणूस जवळ तिकडंच जाणार. २०२० मध्ये परत यायचं तर कर्नाटक सरकारच्या ‘सेवा सिंधू’ संकेतस्थळावर नोंदणी करा, २०२१ मध्ये सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल दाखवा. वैद्यकीय निकडीला सवलत होती खरी, पण दर तीन महिन्यांच्या तपासणीला निकड कोण मानणार? लोकांनी जाणंच सोडलं. जुनी चिठ्ठी पुढं करून ‘दहाच गोळ्या द्या’ म्हणायचे. दिवसाला तीन घ्यायच्या त्या दोनवर आणायचे, पुरवून पुरवून. कंपवातावरची लेव्होडोपासारखी गोळी एकदम तोडली तर अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढू शकतो, प्रसंगी जिवावर बेततं. फिटच्या गोळ्या मनानं बंद केल्या की झटक्यामागून झटके येऊ शकतात. हे निदान आम्ही काउंटरवर बजावत तरी होतो. मनाचा विषय कुणीच काढला नाही, आम्हीही नाही.

कंपवाताचे एक तात्या दुकानात यायचे. या आजारात आवाज बारीक होत जातो, त्यात तोंडाला मास्क, मध्ये बांधलेली दोरी आणि मागं रांग. ते काय म्हणतात ते ऐकूच येईना. दोनदा ‘काय?’ झाल्यावर त्यांनी चिठ्ठी पुढं सरकवली नि खाली बघत उभे राहिले. पुढं त्यांची सूनच यायला लागली. तात्या कसे आहेत विचारलं तर म्हणाली, ‘‘बरं हाय की. गप बसून असत्यात. तरास कायबी न्हाई.’’

तिची यात चूक नाही. कंपवातात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, त्यामुळं आत काय चाललंय ते तोंडावर उमटतच नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारा शांत झाला. शिवाय कंपवातात येणारं नैराश्य म्हणजे नुसतं आजाराचं दुःख नव्हे. मेंदूतल्या ज्या बिघाडानं हात थरथरतो, त्याच आजाराचा तो भाग असतो. काहींना तर थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच ते गाठतं. पक्षाघातानंतरही साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. आपल्याकडं ‘वारं गेलं, आता काय राहिलंय’ म्हणून विषय संपवतात. याला उपचार आहेत, हे ठाऊक नसतं. असलं तरी ‘वेडाच्या डॉक्टर’कडं न्यायची लाज आड येते. सुशिक्षित घरांतही हेच बघतो.

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ लावला की रात्रंदिवस बोलता येतं, मराठीतही. पण हा क्रमांक सांगणारा मराठी फलक आमच्या भागात मी अजून पाहिलेला नाही. यात मला सीमाप्रश्न आणायचा नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, चालू दे. पण सत्तरीतला माणूस जिवाला काय होतंय ते आपल्याच भाषेत सांगणार, एवढं तर कानडी अधिकाऱ्यांनाही पटेल.

तेव्हा आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यांत नि प्राथमिक आरोग्य केंद्रांत कन्नडबरोबर मराठीतही हा क्रमांक लावावा. आशाताई बीपी-शुगरची चौकशी करायला घरी येतातच, त्यांना अशा रुग्णांची झोप, भूक, बोलणंचालणं विचारायला शिकवावं, आणि तेही सुनेला नव्हे, रुग्णाला. कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांनाही विनंती आहे, चिठ्ठी लिहिताना दोन मिनिटं याला द्या. आणि पुन्हा कधी नाके बंद करायची वेळ आली, तर नियमित तपासणीला जाणाऱ्यांना जुन्या फाइलवर सोडायचं, हे दोन्ही राज्यांनी आताच ठरवून ठेवावं.

– एक औषध दुकानदार, निपाणी