कचरा हस्तांतरण केंद्राची तपासणी वजनकाट्यापासून सुरू व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकांची कचरा हस्तांतरण केंद्रे (पुण्याकडे ज्यांना सरसकट ‘रॅम्प’ म्हणतात ती) आणि त्यांच्याच आवारात असलेल्या घरगुती घातक कचऱ्याच्या खोल्या यांची तपासणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी करतात. या तपासणीत बहुतेक वेळ कार्यालयात फायली चाळण्यात जातो. संमतीपत्र (केंद्र चालवायला मंडळाची परवानगी) आहे का, वार्षिक अहवाल भरला का, झाडे लावली का, फलक आहे का, हे सारे पाहायला हवेच. पण आलेला कचरा कुठे गेला आणि त्यातून सुटलेले पाणी कुठे गेले, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या फायलींत नसतात. ती काढायची कशी, हे थोडे तपशिलात लिहीत आहोत.

आधी नियमातली एक फट. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला 5 टनांपेक्षा जास्त कचऱ्यावर प्रक्रिया किंवा त्याची विल्हेवाट लावणाऱ्या प्रकल्पाला मंडळाचे प्राधिकारपत्र (लेखी परवाना) घ्यायला लावले. हस्तांतरण केंद्राची व्याख्या त्याच नियमांत होती : वस्त्यांमधला कचरा घ्यायचा आणि झाकलेल्या वाहनांतून एकगठ्ठा पुढे पाठवायचा. प्राधिकारपत्राच्या कलमात मात्र या केंद्राचे नाव नव्हते. इथे प्रक्रिया नाही आणि विल्हेवाटही नाही, असे म्हणून अंग काढून घ्यायला वाट राहिली. प्रत्यक्षात शहराचा शेकडो टन ओला कचरा काही तास याच जागी पडून असतो, दाबला जातो आणि पाणी सोडतो.

तपासणीची वेळ फार महत्त्वाची. सकाळची पहिली फेरी संपून घंटागाड्या एकामागून एक आत येतात, तेव्हा केंद्राची खरी क्षमता दिसते. दुपारी तीन वाजता फरशी धुतलेली असते, फवारणी झालेली असते, कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) रांगेत उभे असतात. त्या वेळचे छायाचित्र खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. पावसाळ्यातली एक भेट तर सक्तीचीच असावी. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिले अर्धा-पाऊण तास वजनकाट्यावर द्यावेत. वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणी बारा महिन्यांच्या आतली आहे का, हे प्रमाणपत्रावरून कळते. काटा खरा आहे का, हे मात्र एक भरलेली गाडी फिरवून पाहावे लागते. तीच गाडी काट्याच्या पुढच्या टोकाला, मधोमध आणि मागच्या टोकाला उभी करून तीन वजने घ्यायची. त्यांत काटा दाखवू शकतो त्या सर्वांत लहान वजनापेक्षा फार जास्त फरक आला, तर एखादा लोडसेल (काट्याखालचा वजन टिपणारा भाग) गेलेला असतो किंवा काट्याखालच्या खड्ड्यात चिखल आणि प्लास्टिक अडकलेले असते. मग पाच गाड्या रिकाम्या करून पुन्हा काट्यावर घ्यायच्या. अनेक ठिकाणी गाडीचे रिकामे वजन एकदाच नोंदवतात आणि वर्षभर संगणक तेच वजा करत राहतो. हौद्याच्या तळाला चिकटलेला गाळ, बदललेले टायर, नंतर जोडलेली लोखंडी पट्टी हे सगळे त्यामुळे ‘कचरा’ म्हणून मोजले जाते. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर ही बाब किरकोळ राहत नाही. राडारोडा किंवा माती मिसळून वजन वाढवण्याची लालूच तिथूनच सुरू होते, आणि तो राडारोडा पुढे खतप्रकल्पाच्या चाळण्या बिघडवतो.

काट्यावर विश्वास बसला की गेल्या तीस दिवसांचा ताळा घ्यावा. आत आलेले टन, बाहेर गेलेले टन आणि आज फरशीवर असलेला साठा. समजा 6,000 टन आत आले, 5,500 बाहेर गेले आणि फरशीवर 40 टन आहेत. उरलेल्या 460 टनांचे काय झाले? ओला कचरा दाबल्यावर पाणी सुटते, थोडे उन्हाने उडते, कचरावेचक पुनर्वापराचा माल बाजूला काढतात. या प्रत्येक वाटेची नोंद असायला हवी. लिचेटचे (कचऱ्यातून सुटलेल्या पाण्याचे) टँकर किती गेले, वेचलेला माल किती किलो गेला, हे आकडे मांडूनही ताळा जुळत नसेल, तर कचरा मागच्या कुंपणाबाहेर गेला, जळला किंवा कधी आलाच नव्हता. यातले काय घडले ते शोधणे हेच तपासणीचे काम. हा ताळा न मांडता लिहिलेला अहवाल आम्हाला अपुरा वाटतो.

आता लिचेट. कचऱ्यातून झिरपणारे हे काळे पाणी केंद्रातला हाताळायला सर्वांत कठीण पदार्थ आहे. फरशीला उतार हवा, कडेने वेगळी गटारी हवी आणि ती थेट टाकीत उतरायला हवी. पावसाचे पाणी मात्र वेगळ्या नालीने बाहेर जायला हवे. बिघाड बहुधा इथेच असतो : छप्पर अर्ध्याच फरशीवर असते, किंवा पन्हाळी फुटून छपराचे पाणी कचऱ्यावर पडते. हिशेब सोपा आहे. 1,000 चौरस मीटर उघड्या फरशीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर पाणी होते, म्हणजे 10,000 लिटरचे पाच टँकर. टाकी 20,000 लिटरची असेल, तर उरलेले 30,000 लिटर कुठे गेले हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. ते जवळच्या नाल्यात गेले. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत ही टाकी पुरेशीच दिसते, म्हणून पावसाळी भेटीचा आग्रह.

जिथे लिचेटवर जागेवरच प्रक्रिया होते, तिथे यंत्रणा खरोखर चालते का हे वीजमीटर सांगतो. 5 अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉट. रोज सहा तास चालली, तर महिन्याला साधारण 670 युनिट होतात. नोंदवहीत रोज सहा तास लिहिलेले आणि त्या मीटरवर महिन्याला 90 युनिट फिरलेले, असे दिसले तर नोंदवही एका बैठकीत भरलेली आहे. ब्लोअर (हवा सोडणारी यंत्रे) आणि पंपांना स्वतंत्र मीटर बसवण्याची अट संमतीपत्रातच घालावी. खर्च थोडा, फायदा मोठा.

नमुना घेण्यात होणाऱ्या चुका पुढे सगळ्या कारवाईला भोवतात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे जागेवर नोटीस द्यावी लागते, जागामालकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. यातली एक पायरी चुकली, तर अहवाल कितीही वाईट आला तरी न्यायालयात तो पुरावा टिकत नाही. शास्त्रीय पायऱ्या वेगळ्याच. सगळे पाणी एकाच प्लास्टिक कॅनमध्ये भरून चालत नाही. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्या चाचणीचा) नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, कारण तो गरम गाडीत दिवसभर राहिला तर जिवाणू वाटेतच अर्धे काम उरकतात आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. सीओडीच्या (तीच घाण रसायनाने मोजायच्या चाचणीच्या) बाटलीत गंधकाम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणतात. धातूंसाठी नायट्रिक आम्ल लागते. तेल आणि ग्रीसचा नमुना काचेच्याच बाटलीत घ्यायचा, नाहीतर ते प्लास्टिकला चिकटून राहते. शुद्ध केलेले लिचेट नदी-नाल्यात सोडायचे असेल, तर 2016 च्या नियमांत बीओडी 30, सीओडी 250, निलंबित घन पदार्थ 100 आणि पारा 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा मर्यादा दिल्या. नमुना घेतला त्या क्षणी पाणी वाहत होते का, पंप चालू होता का, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे पंचनाम्यात नसेल तर या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

लिचेटच्या टाकीत माणूस उतरवला जातो का, हे थेट कामगारांना विचारावे, आणि तेही मुकादम समोर नसताना. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त खाली उतरतो. चार वायूंचा मीटर केंद्रावर हवा, तो चार्ज केलेला हवा आणि अधिकाऱ्याने तो समोर चालू करून पाहायला हवा. प्राणवायू 19.5 टक्क्यांहून कमी असेल, तर उतरायचे नाही. खरे तर गाळ काढायला पंप आणि सक्शन गाडी असताना माणूस उतरवण्याची गरजच पडू नये.

घातक कचऱ्याच्या खोलीकडे येऊ. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट आणि सीएफएल, मुदत संपलेली औषधे, फुटलेले तापमापक, बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज हा घरगुती घातक कचरा. दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे 2016 च्या नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले. म्हणजे 200 चौरस किलोमीटरच्या शहरात दहा. तपासणी अधिकाऱ्याने या केंद्रांची यादी मागावी आणि यादीतल्या कोणत्याही दोन ठिकाणी न सांगता जावे. कुलूप आणि वर धूळ असेल, तर तेवढी नोंद पुरे.

केंद्र चालू असेल, तर सर्वांत जुना डबा शोधावा. कारखान्यांना घातक कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि त्याच्या डब्यावर पिवळ्याधमक पट्टीवर लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत इशारा लागतो. ही शिस्त औद्योगिक कचऱ्याची आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पालिकेच्या खोलीत साठणारा पारा आणि कारखान्यात साठणारा पारा वेगळा नसतो. प्रत्येक डब्यावर पहिला माल पडल्याची तारीख असावी आणि 90 दिवसांत तो बाहेर जावा, अशी अट मंडळाने घालावी. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या सुविधा आहेत. त्यामुळे पाठवायला जागा नाही, ही सबब चालू नये.

खोलीत काय कशाजवळ ठेवले आहे, ते नीट पाहावे. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग एकाच रॅकवर असतील आणि दोन्ही गळले, तर क्लोरीन वायू तयार होतो. रंग आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून वायुवीजनाची जाळी खालच्या अंगाला हवी. वरच्या झरोक्यातला पंखा तिथे निरुपयोगी, आणि साधे बटण ठिणगी पाडते. फरशी न झिरपणारी हवी. भोवतीच्या कट्ट्यात सर्वांत मोठ्या डब्यापेक्षा किमान दहा टक्के जास्त द्रव मावायला हवे. त्या कट्ट्याला बाहेर जाणारे भोक असेल, तर कट्टा असून नसल्यासारखा. झाडूवाल्यांच्या सोयीसाठी असे भोक पाडलेले असते, ते शोधावेच लागते.

ट्यूबलाइट उभ्या ठेवून सुतळीने बांधलेल्या दिसल्या, की खाली चुरा असणार. त्या खोक्यात आडव्या आणि न फुटलेल्या राहायला हव्यात. फुटलेल्यांचा चुरा झाकणबंद पिंपात जायला हवा. तो झाडूने लोटायचा नाही, कारण झाडू पाऱ्याची भुकटी हवेत उडवतो. एका सीएफएलमध्ये 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो. हिशेबापुरते बोलायचे तर 3 मिलिग्रॅम पारा 300 लिटर पाण्याला 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या मर्यादेपर्यंत नेतो.

लिथियम बॅटऱ्यांचा धोका अलीकडे फार वाढला आहे. मोबाइल, खेळणी, इअरफोन यांच्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून येतात, कॉम्पॅक्टरच्या पात्याखाली चेपतात, आतला पडदा फाटतो आणि बॅटरी स्वतःच तापत जाते. धूर कधी तासाभराने दिसतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने ज्वाळा विझते, पण बॅटरी थंड होत नाही आणि पुन्हा पेट घेते. भरपूर पाणीच लागते. म्हणून हायड्रंटचा (आग विझवायच्या नळाचा) दाब प्रत्यक्ष पाणी सोडून पाहावा आणि पेटलेली गाडी रिकामी करायला इमारतीपासून दूर मोकळी जागा आखलेली आहे का, हेही पाहावे. बहुतेक आवारांत त्या जागेवर नादुरुस्त गाड्या उभ्या असतात. वेगळ्या काढलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या वाळूत ठेवायला हव्यात.

शेवटी मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेसोबतचा कागद. घातक कचरा बाहेर पाठवताना सात रंगांच्या प्रती निघतात. त्यातली पिवळी प्रत पाठवणाऱ्याकडेच राहते आणि निळी प्रत माल मिळाल्यावर विल्हेवाट केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. फाइलमध्ये पिवळ्या प्रती वीस आणि निळ्या अकरा असतील, तर नऊ खेपा पोहोचल्याचा पुरावा नाही. ही मोजणी दहा मिनिटांत होते.

मंडळाकडे मनुष्यबळ अपुरे आहे, हे मान्य. वर लिहिलेले सारे एका भेटीत होणार नाही. पण वर्षात तीन भेटी ठेवून एकीत वजनाचा ताळा, पावसाळ्यातल्या भेटीत लिचेट आणि तिसरीत घातक कचरा असे काम वाटून घेता येईल. आमची मागणी एवढीच, की प्रत्येक भेटीचा अहवाल मराठीत केंद्राच्या फाटकावर लावावा. त्यात भेटीची तारीख आणि वेळ, आत-बाहेरचे टन, न जुळलेला फरक, लिचेट टाकीची क्षमता, सर्वांत जुन्या डब्याची तारीख, परत न आलेल्या निळ्या प्रतींची संख्या आणि त्रुटी दूर करण्याची अंतिम तारीख असावी.

आपले विश्वासू,
पर्यावरण अभियांत्रिकी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ