एका परिचारिकेमागे किती रुग्ण? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री

विषय : सार्वजनिक रुग्णालयांत प्रत्येक पाळीत एका परिचारिकेकडे असणाऱ्या रुग्णसंख्येवर कायद्याने मर्यादा घालण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. माझी बहुतेक सेवा शस्त्रक्रिया आणि प्रसूती विभागांत झाली, आणि तिचा मोठा भाग रात्रपाळीत गेला. हे पत्र वेतन, भत्ते किंवा पदोन्नती यांसाठी लिहिलेले नाही. ते प्रश्न खरे आहेत आणि ते मांडणाऱ्या संघटनाही आहेत. मला आपल्याशी बोलायचे आहे ते रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या मिनिटांविषयी. परिचारिका हा शब्द मी वापरते तेव्हा त्यात परिचारकही आलेच, हे वेगळे सांगायला नको.

मनुष्यबळाचा विषय निघाला की मंजूर पदे किती, भरलेली किती आणि उरलेल्यांची जाहिरात कधी, एवढ्यावर चर्चा थांबते. या आकड्यांवरून वॉर्डात रात्री दोन वाजता काय स्थिती असते ते कळत नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डाला बारा परिचारिका आहेत असे समजा. कागदावर तीन-साडेतीन रुग्णांमागे एक परिचारिका दिसते आणि बैठकीतल्या कोणालाही ते प्रमाण वाईट वाटणार नाही. परंतु वॉर्ड वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे २४ तास चालतो. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा केले तर एका व्यक्तीच्या वर्षाला साधारण २५० पाळ्या हाती लागतात. बारा जणींच्या मिळून ३,००० पाळ्या झाल्या, म्हणजे दिवसाला जेमतेम आठ. सकाळी शस्त्रक्रियांची तयारी, राऊंड, नवे रुग्ण दाखल करून घेण्याची आणि बरे झालेल्यांना घरी सोडण्याची कामे असल्यामुळे चार जणी तिथेच लागतात. दुपारी दोन आणि रात्री दोन उरतात. त्या रात्री एखादीला मूल आजारी म्हणून थांबावे लागले किंवा अतिदक्षता विभागाने एक उसनी मागून नेली, तर चाळीस रुग्णांना एकच परिचारिका राहते. कोणतेही पद रिक्त नसताना, सगळे नियमाप्रमाणे असताना हे घडते. पदे रिक्त असली तर काय होते, याचा हिशेब आपण सहज करू शकाल.

आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. चाळीस रुग्णांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा येतात, आणि तीही परिचारिकेने पाणी प्यायचे नाही, स्वच्छतागृहात जायचे नाही आणि पाळीचा ताबा देताना-घेताना एक शब्दही बोलायचा नाही, असे गृहीत धरून. या बारा मिनिटांत तापमान, नाडी, रक्तदाब आणि श्वसन तपासायचे, प्रतिजैविकाची कुपी विरघळवून ते सावकाश शिरेतून द्यायचे, सलाइन बदलायचे, लघवीच्या पिशवीतले माप नोंदवायचे, ड्रेसिंग भिजले आहे का ते पाहायचे, आणि हे सर्व लिहूनही ठेवायचे. प्रत्येक रुग्णानंतर हात नियमानुसार धुतले, तर चाळीस वेळा हात धुण्यातच पाऊण तास जातो. संसर्ग नियंत्रणाच्या कार्यशाळा आम्हाला भरपूर मिळाल्या. तो पाऊण तास मात्र कोणी दिला नाही.

एक गोष्ट मी कबूल करते, कारण ती कबूल केल्याशिवाय बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. श्वसनाचा वेग मोजायला घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट रुग्णाजवळ उभे राहावे लागते. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा सर्वांत आधी बदलतो तो श्वसनाचाच वेग, रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी. आणि गर्दीच्या वॉर्डांत सर्वांत कमी वेळा मोजला जातो तोही तोच. कोणत्याही भरलेल्या वॉर्डातले तक्ते काढून पाहा. ओळीने २०, २०, २० लिहिलेले दिसेल. चाळीस माणसे एकाच लयीत श्वास घेत नाहीत. मीही तसे आकडे लिहिलेले आहेत. न मोजलेला आकडा लिहिताना हात थांबतो, पण पुढच्या खाटेवरचे सलाइन संपलेले असते. नोंद रिकामी ठेवली तर जाब विचारला जातो आणि खोटी भरली तर कोणी विचारत नाही, हे प्रत्येक नवी मुलगी महिनाभरात शिकते.

कामाचा ताण वाढला म्हणजे परिचारिका दमते, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात काय घडते, तर ती मनातल्या मनात कामांची निवड करू लागते. इंजेक्शन चुकवता येत नाही, कारण ते लिहून दिलेले असते. म्हणून जे कुठे लिहिलेले नसते ते आधी सुटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याला दोन माणसे लागतात. ते सुटते आणि चार-सहा दिवसांत माकडहाडाजवळ जखम दिसू लागते. स्वतः खाऊ न शकणाऱ्याला भरवणे, त्याच्या तोंडाची स्वच्छता करणे, शस्त्रक्रियेनंतर त्याला धरून चालवणे, पहिलटकरणीला बाळ छातीशी कसे धरायचे ते दाखवणे, घरी जाणाऱ्याला गोळ्या नीट समजावणे, हे सगळे सुटत जाते. ज्याचे नातेवाईक शेजारी बसून असतात त्याचे निम्मे तरी निभावते. जो एकटा आहे, ज्याला धड बोलता येत नाही किंवा ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, त्याला आमच्या अपुऱ्या संख्येची पूर्ण किंमत मोजावी लागते. सार्वजनिक आरोग्यसेवा ज्याच्यासाठी उभी केली तोच हा माणूस.

आणि सर्वांत आधी सुटते ती नजर. परिचारिकेच्या कामातली ही गोष्ट बाहेरच्यांना काम वाटतच नाही. प्रसूती विभागात एका रात्री आम्ही तिघी होतो. त्यामुळे एकीला नुकत्याच बाळंत झालेल्या एका स्त्रीजवळ थांबता आले. ती स्त्री काहीच तक्रार करत नव्हती, उलट तिला झोप येत होती. आमच्या सहकारी बाईंनी पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ पडलेले, आणि पांघरूण सरकवले तर खाली रक्ताचे थारोळे. पुढच्या पंधरा मिनिटांत जे करायचे ते झाले आणि ती वाचली. केसपेपरवर या घटनेच्या चार ओळी आहेत. त्या चार ओळींच्या मुळाशी असलेली गोष्ट, म्हणजे त्या रात्री एकीला तिथे बसता आले ही, त्यात कुठेही नाही.

दुसरी रात्र शस्त्रक्रिया विभागातली आहे. सेवेत येऊन वर्षही न झालेली एक मुलगी एकटी ३८ रुग्णांना होती. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांची नाडी अकरा वाजता थोडी जलद लागली, १०४. तिने ती लिहिली आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचे ठरवले. त्यानंतर अपघात विभागातून लागोपाठ तीन रुग्ण वर आले. ती परत त्यांच्याजवळ पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि आतल्या रक्तस्रावाने ते हाताबाहेर गेले होते. चौकशी झाली. अकरा ते दोन या वेळात तुम्ही रुग्णाला का पाहिले नाही, असा लेखी खुलासा तिच्याकडून मागण्यात आला. वॉर्डाची प्रमुख या नात्याने मी त्या रात्रीची रुग्णसंख्या आणि नवे रुग्ण दाखल झाल्याच्या वेळा लिहून दिल्या. अंतिम अहवालात ते दोन्ही आकडे नव्हते. तिचे नाव होते. पुढे तिने नोकरी सोडली. परिचारिका मिळत नाहीत, टिकत नाहीत, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा मला ती मुलगी आठवते.

हे माझे एकटीचे अनुभव म्हणून आपण बाजूला ठेवू नयेत. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. बारा वर्षांनी युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही एका जादा रुग्णामागे वाढ तेवढीच, ७ टक्के, निघाली. देश वेगळे, व्यवस्था वेगळ्या, उत्तर एकच. इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात पैसे वाचवण्यासाठी मनुष्यबळ कमी केले गेले आणि रुग्णांचे जे हाल झाले, त्यांच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी कराव्या लागल्या. तिथल्या माणसांना हाताच्या अंतरावर पाणी मिळत नव्हते आणि घाण झालेल्या अंथरुणात तासन् तास पडून राहावे लागत होते. ते वाचताना परका देश आहे असे मला वाटले नाही.

पैशाचा प्रश्न आपण विचाराल, आणि तो विचारलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ पासून ठरावीक सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डांत दिवसाच्या पाळ्यांना एका परिचारिकेमागे सरासरी चार आणि रात्री सात रुग्ण अशी मर्यादा कायद्याने घातली. मर्यादा लागू झालेल्या २७ रुग्णालयांची तुलना ती लागू नसलेल्या २८ रुग्णालयांशी करणारा अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. जिथे परिचारिकेकडचा एक रुग्ण कमी झाला तिथे मृत्यूची आणि पुन्हा दाखल होण्याची शक्यता घटली, रुग्ण लवकर घरी गेले, आणि रुग्णालयातले वाचलेले दिवस व टळलेली फेरभरती यांतून झालेली बचत जादा परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरली. कॅलिफोर्नियाने असा कायदा १९९९ मध्येच केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. ही श्रीमंत राज्ये आहेत, त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत, हे मला समजते. सातचा आकडा आज शक्य नसेल तर बारा घ्या, पंधरा घ्या. पण एक आकडा घ्या, ज्याच्या पलीकडे गेलो की काहीतरी बेकायदेशीर घडते आहे असे कोणालातरी वाटेल. आज एका परिचारिकेकडे दहा रुग्ण असोत की चाळीस, कागदोपत्री फरक काहीच पडत नाही.

तो आकडा ठरवताना काही गोष्टींचे भान राहावे, ही विनंती. मोजणी मंजूर खाटांवर न करता प्रत्यक्ष दाखल रुग्णांवर करावी, कारण खाटा संपल्या म्हणून रुग्ण संपत नाहीत. प्रसूतिपश्चात विभागात आईबरोबर बाळही मोजावे. अनेक ठिकाणी ते मोजलेच जात नाही, आणि तरी त्याचा श्वास, रंग, दूध, शी-शू हे सगळे पाहायचे असतेच. रजा राखीव पदे स्वतंत्र असावीत आणि ती अन्यत्र वळवू नयेत. रुग्ण किती गंभीर आहेत ते पाहून जादा माणूस मागण्याचा लेखी अधिकार पाळीच्या प्रमुखाला असावा, आणि मागणी फेटाळणाऱ्याने कारणासह सही करावी.

याखेरीज परिचारिकेच्या हातातून काही कामे काढून घेणे आपल्याला भरतीची वाट न पाहताही शक्य आहे. चादरींची मोजदाद, इंडेंट म्हणजे सामानाची मागणीपत्रे, साठ्याच्या वह्या, तीच माहिती तीन ठिकाणी संगणकात भरणे, स्ट्रेचर शोधणे, नमुने घेऊन प्रयोगशाळेत जाणे, या कामांना परिचारिकेचे शिक्षण लागत नाही. औषधे देताना येणाऱ्या व्यत्ययांचा सिडनीतल्या दोन रुग्णालयांत अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यत्ययागणिक औषध देण्यातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत गेल्या. आमच्याकडे औषधाचा ट्रे हातात असताना टेलिफोन, नातेवाईक, कार्यालयाचा शिपाई आणि पुढच्या खाटेची घंटा एकाच वेळी येतात. एक लिपिक आणि एक मदतनीस प्रत्येक पाळीत, रात्रीसुद्धा, दिला तर याच परिचारिकांचे कितीतरी तास रुग्णाकडे परत येतील.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्रत्येक वॉर्डात त्या पाळीला किती परिचारिका हव्या होत्या आणि किती आहेत हे दर्शनी भागात लावले जाऊ लागले. असा फलक लावायला कायदाही लागत नाही, आपल्या एका परिपत्रकाने तो उद्यापासून लागू शकतो. दाखल रुग्ण, हजर परिचारिका आणि तारीख-वेळ एवढेच त्यावर असावे. त्याचबरोबर, रुग्णालयातल्या कोणत्याही दुर्घटनेच्या चौकशी अहवालाचा पहिला रकाना हाच असावा : घटनेच्या वेळी संबंधित परिचारिकेकडे किती रुग्ण होते. तो रिकामा असेल तर अहवाल स्वीकारू नये. वरिष्ठांचा पहिला प्रश्न हा असेल, एवढे जरी ठाऊक असले, तरी रात्रीची ड्यूटी लावताना कार्यालयातला हात थबकेल.

फलकाचे आणि चौकशीच्या रकान्याचे हे दोन निर्णय आपण कधीपर्यंत घेऊ शकाल, हे कृपया कळवावे. रुग्णसंख्येची मर्यादा ठरवण्यासाठी समिती नेमलीत, तर तिच्यात सध्या रात्रपाळी करणाऱ्या किमान दोन परिचारिका घ्याव्यात आणि बैठकीचा दिवस त्यांच्या सुट्टीवर टाकू नये. माझ्या वॉर्डांतल्या पाळीनिहाय नोंदी मी निवृत्तीपर्यंत स्वतःच्या वहीत लिहून ठेवत होते. रुग्णांची नावे त्यांत नाहीत, फक्त संख्या आहेत. आपण बोलवाल त्या दिवशी त्या वह्या घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका